मधल्या खड्याचे उन्हाळे

त्या बुधवारी सगळं मनासारखं झालं असतं, तर ऋजुता वेर्णेकरच्या पदरात बरंच काही पडणार होतं. मिरजेच्या सराफ गल्लीतल्या कारागीर मंडळाच्या दालनात तिच्या वडलांची तसबीर परत लागणार होती. तिनं सहा वर्षं खपून उभ्या केलेल्या यंत्राला गल्लीनं मान डोलावली असती, आणि गल्लीनं मान डोलावली की सांगली, कोल्हापूर, बेळगाव आपोआप डोलावतात. शिवाय एक लाभ असा होता, जो तिनं आईलासुद्धा सांगितला नव्हता: उषाताई टाकळीकरांच्या तोंडून, चार माणसांसमोर, ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द ऐकायला मिळणार होते. जमेच्या बाजूला एवढी गर्दी असल्यामुळे खर्चाच्या बाजूला काही लिहावं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. हुशार माणसं बेरजेत सहसा चुकत नाहीत. त्यांचं एखादं कलमच लिहायचं राहून जातं.

प्रकरण जुनं होतं, २०१४ सालचं. ऋजुता तेव्हा दहा वर्षांची. तिचे वडील अनंतशेट वेर्णेकर म्हणजे गल्लीतला कुड्यांचा शेवटचा शब्द. कुडी म्हणजे कानातलं फूल: मध्ये एक हिरा, भोवती सहा पाकळ्या, पाठीमागून सोन्यानं बंद. हे सात खडे असे बसवायचे की सोनं कुठं संपतं आणि हिरा कुठं सुरू होतो हे बोटाला कळू नये. टाकळीकरांच्या घरच्या कुड्या उषाताईंच्या सासूबाईंच्या. मुलाच्या लग्नाआधी खडे हलायला लागले म्हणून त्या अनंतशेटकडे घट्ट करायला दिल्या. वेळेत परत गेल्या, उषाताईंनी कानात घातल्या, आरशात बघून ‘छान’ म्हणाल्या. लग्न लागेपर्यंत सगळं ठीक होतं.

घात केला तो स्वागत समारंभाच्या दिव्यांनी. त्या वर्षी मंगल कार्यालयांत नवं फॅड निघालं होतं. जांभळट दिवे लावायचे, की पांढरे कपडे आणि माणसांचे दात चमकायला लागतात. व्याह्यांच्या दातांवर पाहुणे हसत असतानाच कुणाची तरी नजर उषाताईंच्या डाव्या कानाकडे गेली. सात खड्यांपैकी सहा गप्प होते आणि एक पाकळी निळीशार पेटली होती.

“खडा बदलला!” उषाताई मांडवातच म्हणाल्या. वरमाय बोलली की ते खरंच असतं, निदान त्या दिवसापुरतं. पण हे वाक्य अठ्ठावीस वर्षं टिकलं.

आज कॉलेजातलं पोरगंही सांगेल की चार हिऱ्यांतला साधारण एक अशा दिव्याखाली निळा उजळतो. हिरा म्हणजे कोळशाचाच भाऊ, नुसता कार्बन. पण घडताना त्यात नायट्रोजनचे चुकार अणू अडकतात. ते एका ठराविक पद्धतीनं एकत्र बसले असले, की न दिसणारे अतिनील किरण गिळून निळा उजेड ओकतात. ती पाकळी जन्मापासून तशीच होती. तिला तसल्या दिव्याखाली आजवर कुणी नेलं नव्हतं, एवढंच. पण हे सांगून उपयोग काय? निळा खडा खराच हिरा आहे, हे टाकळीकरांनाही मान्य होतं. त्यांचं म्हणणं, तो *आमचा* हिरा नाही. आणि हिऱ्यावर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं.

मंडळाचे तेव्हाचे चिटणीस भालूकाका रेवणकर अनंतशेटचे दोस्त. त्यांनी सरळ मार्ग सुचवला. “अंतू, कुडी उघडू या. सातही खडे बाहेर काढू, सगळ्यांसमोर जुळवून बघू.”

अनंतशेट म्हणाले, “नाही.”

“अरे, नाही काय? तुझ्याच भल्याचं आहे.”

“नाही म्हटलं की नाही.”

बस्स. गल्लीनं त्या ‘नाही’चा अर्थ आपल्या सोयीनं लावला. महिन्याभरात तसबीर उतरली. अनंतशेट त्यानंतर चोवीस वर्षं जगले, समोर बसून नजर ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांची कामं करत. चार वर्षांपूर्वी गेले, तेही काही न बोलता.

ऋजुता भौतिकशास्त्राकडे वळली ती योगायोगानं, असं ती मुलाखतीत सांगते. तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तिच्या यंत्राचं कागदावरचं नाव मोठं होतं. गल्लीत त्याला ‘चहाडखोर’ म्हणत. तत्त्व असं: हिऱ्यात जिथं एखादा अणूच गायब असतो, तिथं इलेक्ट्रॉन अडकून पडायला जागा तयार होते. अशा लाखो खोल्या. अंधारात इलेक्ट्रॉन आपापल्या खोलीत वर्षानुवर्षं झोपून राहतात. ऊन लागलं की काही उठतात आणि आतल्या खोलीत सरकतात, पुन्हा ऊन लागलं की आणखी आत. म्हणजे जुनं ऊन खोलवर, नवं ऊन पृष्ठभागाशी. हिऱ्याच्या पोटात असे उजेडाचे थर साचत जातात. त्यावर हिरव्या लेसरचा बारीक, मंद झोत थराथरानं उतरवत नेला, की भरलेल्या खोल्या तांबूस चमकून उत्तर देतात. ती चमक मोजायची आणि आलेख काढायचा: हा खडा कुठल्या वर्षी किती उजेडात होता आणि किती डबीत. जे खडे एकाच दागिन्यात शेजारी शेजारी बसले, त्यांचे आलेख जुळ्या भावंडांसारखे येणार. उपरा खडा असेल, तर तो कुठल्या वर्षी आत आला तेही दिसणार.

यंत्राला एकच खोड होती. लेसर उत्तर मागतो तेव्हा झोपलेले सगळेच इलेक्ट्रॉन उठतात. एकदा वाचला की खडा कोरा. म्हणून रंगीत तालीम नाही, घरी गुपचूप आधी बघून घेणं नाही. जे काय व्हायचं ते साक्षीदारांसमोर, पहिल्यांदा आणि शेवटचं.

दोन वर्षांत या यंत्रानं सांगली जिल्ह्यात जेवढे अबोले घडवले तेवढे निवडणुकांनीही घडवले नसतील. ‘ताईनं दिलेली अंगठी मी बोटातून कधी काढली नाही’ म्हणणाऱ्या एका धाकट्या जावेच्या अंगठीत अकरा वर्षांत मिळून नऊ दिवसांचं ऊन निघालं. एका वकिलानं बायकोला दिलेला ‘कोरा’ हार आधी सहा वर्षं दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात उन्हातान्हातून हिंडून आलेला होता. लोक यंत्राला शिव्या घालत आणि शेजाऱ्याचा दागिना त्याखाली जावा अशी मनोमन प्रार्थना करत.

तर त्या बुधवारी सकाळी अकराला मंडळाच्या दालनात यंत्र मांडलं गेलं. एक्याऐंशी वर्षांच्या उषाताई स्वतः आल्या, डाव्या कानातली कुडी स्वतःच्या हातानं काढून ट्रेमध्ये ठेवली. बाई ताठ होत्या; चाचणीला नाही म्हटलं असतं तर कुणी जबरदस्ती करणार नव्हतं. अध्यक्ष झालेले भालूकाका काठी टेकत बसले. ऋजुताची आई वैजयंतीबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत होती. तिला यायचं नव्हतं. “मला काय कळतंय त्यातलं?” असं तीनदा म्हणून झालं होतं. चौथ्यांदा ऋजुतानं रिक्षाच दारात आणली.

“किती वेळ लागेल?” उषाताईंनी विचारलं.

“एका खड्याला वीस मिनिटं, ताई.”

“मग चहा सांगा. माझ्याविरुद्ध निकाल लागायचा तर निदान चहा गरम असू दे.”

भालूकाका हसले. “अजून लागला कुठं?”

“अहो, ही पोरगी हरायला मिरजेत यंत्र घेऊन येईल होय?”

ऋजुतानं आधी निळी पाकळी घेतली. पडद्यावर रेघ उमटत गेली. एकोणीसशे ब्याऐंशीपासून, म्हणजे कुड्या उषाताईंच्या कानात आल्यापासून, सणासुदीचे बारके उंचवटे, मधे लॉकरच्या अंधाराचे लांब सपाट पट्टे, एका वर्षी उषाताई कुटुंबासह हृषिकेशला महिनाभर राहिल्या होत्या त्याचा उंचवटा. नंतर शेजारची पाकळी. मग तिच्या पलीकडची. सहाही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की पडद्यावर जणू एकच जाड रेघ ओढलीय.

“म्हणजे?” भालूकाकांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

“म्हणजे निळा खडा पहिल्यापासून इथलाच आहे. कुणी बदललेला नाही.” ऋजुतानं आवाज सपाट ठेवला. या वाक्याची तालीम तिनं वीस वर्षं केली होती.

उषाताईंनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “वैजयंती,” त्या कोपऱ्याकडे वळून म्हणाल्या, “माझं चुकलं.”

वैजयंतीबाईनं नुसती मान हलवली. ती उषाताईंकडे बघतच नव्हती. तिची नजर ट्रेमधल्या कुडीवर होती.

“झालं तर!” भालूकाका उठायला लागले. “तसबीर आतल्या कपाटात आहे, मी टाकून दिली नव्हती हां, सांगून ठेवतो. काढतो.”

“काका, एक खडा राहिलाय. मधला.”

“त्याच्यावर कुणाचा आळ आहे? पुरे की आता.”

त्यांचं खरं होतं. तिथं थांबली असती तर सगळं पदरात पडलं होतं. पण ऋजुताच्या अहवालाचा नियम तिनं स्वतः केला होता: सातांतले सात, नाहीतर सही नाही. जावेच्या अंगठीच्या वेळी, वकिलाच्या हाराच्या वेळी ती या नियमावर अडून बसली होती. आता बापाच्या वेळी सूट घेतली, तर उद्या गल्लीनं तेच तोंडावर मारलं असतं. तिनं मधला खडा लेसरखाली घेतला.

पृष्ठभागापासून खाली, आजपासून मागं. २०४२, २०४०, २०३०, रेघ इतर सहांच्या अंगावरून चालली होती. २०१४ पर्यंत. तिथं ती सहांना सोडून अशी वर उसळली की ऋजुताचा हात आपोआप थांबवण्याच्या बटणाकडे गेला.

उंचवटा. खाली. उंचवटा. खाली. दरवर्षी फाल्गुनात चढ, चैत्र-वैशाखात शिखर, मृगाला उतार. सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंतचं लख्ख ऊन, छत नाही, झाड नाही. असे एकामागोमाग उन्हाळे. टाकळीकरांच्या घरातली कुठलीही बाई असल्या उन्हात पाच मिनिटं उभी राहिली नसती. ऋजुतानं शिखरं मोजली. चौदा.

पडदा तिच्याकडे होता. बाकीच्यांना फक्त तिचं तोंड दिसत होतं.

ती गच्ची तिला ठाऊक होती. घराला हातभार म्हणून आई उन्हाळाभर लोकांचे पापड, सांडगे, कुरडया करून द्यायची. सकाळी सातला जुन्या साड्या अंथरायच्या, बाराला सगळं उलटवून खाली यायचं. कावळे हाकायला काठी घेऊन ऋजुताला बसवायची. चौदा उन्हाळे म्हणजे आईच्या लग्नापासून २०१४ पर्यंत. आईच्या नाकात तेव्हा मोरणी होती, एका हिऱ्याची. नंतर नव्हती. कधी काढली, का काढली, हे ऋजुतानं कधी विचारलं नव्हतं. आईच्या नाकाकडे कोण लक्ष देतं?

दोन बोटांच्या अंतरावर बटण होतं. ‘खड्यात दोष, वाचन अपूर्ण’ म्हटलं की संपलं. मोठमोठ्या प्रयोगशाळा म्हणतात तसं.

“काय गं?” भालूकाका. “अडकलं का यंत्र?”

“नाही अडकलं,” कोपऱ्यातून आई म्हणाली. “वाच की मोठ्यानं. एवढं रिक्षातनं आणलंस मला.”

ऋजुतानं पडदा सगळ्यांकडे फिरवला आणि वाचलं. अगदी परक्याच्या दागिन्याचं वाचावं तसं. मधला खडा २०१४ च्या एप्रिल-मेमध्ये या कुडीत आला, त्याआधी चौदा वर्षं तो दुसऱ्या कुणाच्या अंगावर, उघड्या उन्हात होता, त्याआधी डबीत.

उषाताईंनी तोंड उघडलं, पण आधी बोलली ती वैजयंतीबाई.

“माझ्या मोरणीचा आहे तो. माहेरच्यांनी घातलेला, जुन्या घाटाचा.” तिनं पदर सारखा केला. “टाकळीकरांकडच्या टाकळीकरांकडच्या लग्नाला दोन दिवस होते. हे मधला खडा दाबत होते. हिरा कशानं घासला जात नाही म्हणतात, पण एका अंगानं टोला बसला तर दुभंगतो, हे भालूभावजींना विचारा. दुभंगला. तसा खडा दोन दिवसांत कुठनं आणायचा? हे नुसते बसून राहिले. मग मीच मोरणी काढून पाटावर ठेवली. म्हटलं, बघा बसतोय का. बसला.”

“वहिनी!” भालूकाकांची काठी खाली पडली. “अहो, मग तेव्हाच बोलायचं ना! टाकळीकर काय खाणार होते का? खडा फुटला, बदलून दिला, उलट चांगला दिला!”

“मी तेच म्हटलं ह्यांना. तर म्हणाले, ‘वैजू, चोर म्हटलं तर गिऱ्हाईक डोळ्यात तेल घालून बसेल, पण येईल. हात थरथरला म्हटलं तर कोण येईल?’ तुम्ही कुडी उघडू म्हणालात, म्हणून नाही म्हणाले. उघडली असती तर निळा सुटला असता आणि मधला सापडला असता.”

भालूकाकांनी वाकून काठी उचलली. त्यांना चिडताही येईना. अनंतशेटचं गणित धंद्याच्या बाजूनं बरोबर होतं.

“आणि तू?” उषाताईंनी विचारलं. “तुला चोराची बायको म्हणाले लोक. मीच म्हणाले.”

“मला म्हटल्यानं कुड्यांचं काम थोडंच थांबणार होतं?”

“आई,” ऋजुता म्हणाली, “मला तरी सांगायचंस. मी असं सगळ्यांसमोर...”

“सांगितलं असतं तर तू यंत्र आणलंच नसतंस. नुसती घरात बसून रडली असतीस. त्यापेक्षा हे बरं.” मग तिनं पडद्याकडे बोट केलं. “ते डोंगर म्हणजे आपली गच्ची?”

“हो.”

“आणि आता पुसले गेले? खड्यातनं?”

“हो.”

“जाऊ दे. कंबर अजून सगळं सांगते.”

उषाताई उठल्या, ट्रेमधली कुडी उचलली, वैजयंतीबाईच्या पुढ्यात आल्या. “हा खडा तुझा. आजच काढून घे.”

“नको हो. नाक बुजलं केव्हाच. आता कुठं टोचत बसू?” वैजयंतीबाईनं त्यांची मूठ मिटवली. “तुम्हीच घाला. पण लॉकरमध्ये कोंडू नका त्याला. त्याला उन्हाची सवय आहे.”

उषाताई हसल्या आणि हसता हसता खुर्चीवर बसल्या. नंतर बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

राहिला प्रश्न तसबिरीचा. भालूकाकांनी घसा खाकरला. “पोरी, चोरीचा आळ गेला, हे मी लेखी देतो. पण भिंत निष्णातांची आहे. खडा फोडला आणि झाकला, असं उघड झाल्यावर... मंडळाला विचारावं लागेल.”

ऋजुता यंत्राची झाकणं लावत होती. ती थांबली. “विचारा की. भिंतीवर नऊ तसबिरी आहेत ना, काका? त्यांच्या हातच्या कुड्या अजून लोकांच्या कानात आहेत. मी सगळ्या वाचते. फुकट. ज्याच्या कामात एकही उपरा खडा निघणार नाही, त्याची तसबीर राहू दे. बाकीच्या उतरवू.”

भालूकाकांनी भिंतीकडे पाहिलं. नवांत दुसरी तसबीर त्यांच्या वडलांची होती आणि पाचवी त्यांची स्वतःची.

“बापावर गेलीस म्हणायचं, का आईवर?” ते अखेर म्हणाले.

“हातानं बापावर नाही, एवढं नक्की. माझं काही फुटलं तर मी सांगते.”

“बरं बाई. लावतो.”

“आणि खाली अहवाल. सातही ओळी.”

“आता तेही?”

“तेही, भावजी,” वैजयंतीबाई म्हणाली. “आणि त्यात माझं नाव घाला. मोरणी कुणाची होती ते नुसतं ‘दुसऱ्या कुणाची’ असं नको.”

अहवालाच्या सातव्या ओळीत तसं नाव घातलं गेलं. शनिवारी तसबीर लागली.

ऋजुताला हवं होतं त्यातलं अर्धंच मिळालं. गल्लीतल्या कारागिरांनी तिच्याकडे दागिने पाठवणं बंद केलं. जी पोरगी सख्ख्या बापाची चूक वाचून दाखवते, ती आपली काय राखणार? पण त्याच महिन्यापासून बायका स्वतःच यायला लागल्या, मध्ये सराफ न घालता. यंत्रापुढं रांग लागते ती आजही दुपारी दोनपर्यंत हलत नाही. बहुतेकींना हिरा खरा की खोटा हे नको असतं. आपल्या सासूनं, आईनं, आत्यानं किती ऊन खाल्लं, तेवढं वाचून हवं असतं.

आणि या सगळ्याची किंमत कुणी मोजली म्हणाल, तर उषाताईंनी मोजले दोन शब्द, तेही अठ्ठावीस वर्षं उशिरा. भालूकाकांनी एक खिळा. अनंतशेटनी आपली इभ्रत दिली, पण ती त्यांनी आपल्या मर्जीनं, हात वाचवायला दिली होती. ऋजुतानं वडलांची एक गुळगुळीत मूर्ती मनातून उतरवली आणि तिच्या जागी एक घाबरलेला माणूस बसवला, तो तिला जास्त आवडायला लागला. तेव्हा तो खर्च धरायचा की कमाई, हे तिचं तिला माहीत. हिरा, त्यावरचे चौदा उन्हाळे, आणि नंतरची अठ्ठावीस वर्षं गल्लीतून खाली मान घालून चालणं, हे सगळं एकट्या वैजयंतीबाईनं भरलं. ते कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिनं कधी पावती मागितली नव्हती.